ड्राइव्ह शाफ्ट: आवाजावरून ओळख, बूट आणि जॉइंटची दुरुस्ती

पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं, थोडी रेस दिली आणि पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायला लागला. चाक जोरात फिरलं की कटकटही जलद होते, स्टिअरिंग सरळ केलं की आवाज गायब. एवढं ऐकलं की निदान जवळपास झालेलं असतं: ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, चाकाकडचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे. पण सगळेच आवाज इतके सरळ नसतात. कित्येकदा चाकाचं बेअरिंग, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म किंवा इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग यांचा दोष शाफ्टच्या माथी मारला जातो आणि नवा शाफ्ट घालूनही आवाज तसाच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी नीट ऐकण्याला आणि खाली वाकून बघण्याला वेळ द्या.

गॅरेजमध्ये या भागाला बहुतेक जण 'एक्सल' म्हणतात. दुकानात पार्ट मागताना 'ड्राइव्ह शाफ्ट' म्हटलं की गोंधळ होत नाही. इथलं बहुतेक वर्णन इंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांचं आहे: स्विफ्ट, वॅगनआर, अल्टो, टियागो, आय-ट्वेंटी वगैरे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची हीच मांडणी झाली. त्याआधीच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीत ताकद मागच्या चाकांना जायची. इको, बोलेरो यांना आजही मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. त्याचं दुखणं वेगळं आहे, ते शेवटी घेतलं आहे.

शाफ्टच्या दोन टोकांना दोन जातीचे जॉइंट

गिअरबॉक्समधून प्रत्येक पुढच्या चाकाकडे एकेक शाफ्ट जातो. चाक खड्ड्यात खाली जातं, गतिरोधकावर वर येतं, शिवाय वळतंही. हे सगळं होत असताना चाकाला मिळणारी गती एकसारखी राहायला हवी, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात.

चाकाकडचा जॉइंट वाटीसारखा असतो. आत सहा पोलादी गोळ्या, त्यांना फिरायला कमानदार खोबणी आणि सगळ्या गोळ्या एका पातळीत धरणारा पिंजरा. हा जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वाकतो, म्हणूनच चाक वळू शकतं. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटला ट्रायपॉड म्हणतात: तीन पायांचा तुकडा, प्रत्येक पायावर सुई बेअरिंगवर फिरणारा रोलर, आणि हे तीन रोलर तीन सरळ खोबणींत आत-बाहेर सरकतात. चाक वर-खाली होताना गिअरबॉक्स आणि चाक यांच्यातलं अंतर बदलतं, ते इथे भरून निघतं.

एवढा फरक डोक्यात असला की आवाजाचं कोडं सुटायला लागतं. वळताना बोलतो तो बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर ताण पडल्यावर थरथरतो तो आतला.

आधी फाटतो तो बूट

दोन्ही जॉइंट ग्रीसवर जगतात आणि ते ग्रीस धरून ठेवतो घड्यांचा रबरी बूट. बूट धड असेल तर जॉइंट लाखभर किलोमीटर आणि त्याहूनही पुढे बिनतक्रार चालतो. म्हणजे झिजलेल्या जॉइंटचा शोध घ्यायचा तर सुरुवात बूटपासून करायची.

रबर जिथे सतत दुमडतं त्या घडीच्या तळाशी आधी केसासारख्या चिरा पडतात. वरून बघितलं तर बूट अगदी नवा वाटतो. घडी बोटांनी फाकवली की चीर दिसते. ती आरपार गेली की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं. चाक काढून बघा: रिमच्या आतल्या अंगाला, ब्रेक कॅलिपरवर आणि फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर बूटच्या बरोबर समोर काळ्या चिकट ग्रीसचा एक सरळ पट्टा उमटलेला असतो. त्यावर धूळ बसून त्याची खपली होते. तो पट्टा दिसला की आवाज नसला तरी काम निघालं असं समजा.

ग्रीस गेल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान आत जे शिरतं त्याने होतं. पावसाळ्यात पाणी आणि बारीक वाळू आत जाते, उरलेलं ग्रीस दुधाळ होतं आणि ती वाळू गोळ्यांना पॉलिश पेपरसारखी घासत राहते. कोकणातला लाल चिखल, घाटातली खडी उखडलेली वळणं असा रोजचा रस्ता असेल तर फाटलेल्या बूटपासून कटकटीपर्यंत पोचायला थोडे आठवडेही पुरतात. वय झालं म्हणून बूट फाटतो हे खरं, पण क्लिप ढिली होणं, दगड लागणं, गाडी टो करताना हूक चुकीच्या जागी अडकवणं ही कारणंही नेहमीची. बरेच दिवस एका जागी उभ्या असलेल्या गाडीत उंदीरही बूट कुरतडतात. तेव्हा कड चिरलेली न दिसता दातेरी दिसते.

दर १०,००० किलोमीटरला, किंवा निदान पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, चारही बूट बघायचे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की बाहेरचा बूट चाक न काढताही दिसतो. मोबाइलचा टॉर्च पुरतो.

आवाज आणि थरथर कशी तपासायची

मोकळं मैदान किंवा रिकामी पार्किंगची जागा निवडा. काचा खाली करा, गाणी आणि एसी बंद. पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा आणि मधूनमधून थोडी रेस द्या. मग उजवीकडे तसंच. त्यानंतर दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. झिजायला नुकताच लागलेला जॉइंट पुढे जाताना गप्प राहून रिव्हर्समध्येच बोलतो, म्हणून रिव्हर्सची चाचणी टाळू नका. जवळ भिंत असेल तर आवाज परतून स्पष्ट ऐकू येतो. एक माणूस बाहेर उभा राहिला तर आणखी चांगलं.

डावीकडे वळताना आवाज येत असेल तर बहुतेक वेळा उजवा, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर वजन जास्त येतं. हा नियम पक्का नाही. निकाल द्यायचा तो जॉइंट हातात धरून बघितल्यावरच.

आतला जॉइंट असा कटकटत नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ६० ते ८० च्या वेगात चढावर जोर लावला की गाडीचं नाक डावी-उजवीकडे थरथरतं, सीटला जाणवतं, आणि पाय उचलताच थरथर थांबते. ट्रायपॉडच्या खोबणीत रोलरने खड्डा पाडला की रोलर सुरळीत सरकत नाही, अडखळतो, त्याची ही थरथर. पाय उचलल्यावरही, न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यावरही ती कायम असेल तर शाफ्ट सोडा आणि चाकाचं बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा, वाकलेली रिम यांच्याकडे वळा. ताण पडल्यावर वाढणं आणि ताण काढल्यावर थांबणं ही आतल्या जॉइंटची ओळख आहे.

पाय दाबला-सोडला की किंवा पहिल्यातून रिव्हर्सला जाताना 'टण्ण' असा एकच ठोका येत असेल तर आतल्या जॉइंटची ढिलाई असू शकते, पण त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बघा. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून क्लच किंचित सोडा आणि दुसऱ्याला बाजूला उभं राहून इंजिन किती उडतंय ते बघायला सांगा. गाडीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. इंजिन चांगलंच उसळत असेल तर दोष माउंटिंगचा.

आणखी एक फसवा आवाज: गाडी मागे घेऊन पुढे निघताना चाकातून फक्त एकदाच 'टिक'. हा कित्येकदा हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर शाफ्ट किंचित सरकल्याचा असतो. शाफ्ट हबमध्ये आवळून धरणारा हब नट ढिला झालेला किंवा पूर्वी कमी आवळलेला असतो. नट तपासण्याआधी जॉइंट विकत घेऊ नका. आणि वेगाबरोबर वाढत जाणारी एकसुरी गुणगुण, जी वळणावर कमी-जास्त होते पण ॲक्सिलरेटरने बदलत नाही, ती चाकाच्या बेअरिंगची.

खाली जाऊन हाताने तपासणी

गाडी सपाट, टणक जागेवर. मागच्या चाकांना लाकडी गुटके, हँडब्रेक ओढलेला. जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. माती ओली असेल तर जॅक आणि घोडीखाली जाड फळी टाका.

गिअर न्यूट्रलला. एका हाताने चाक धरा, दुसऱ्या हाताने शाफ्ट धरून पुढे-मागे पिळा. बाहेरच्या जॉइंटमध्ये हाताला जाणवेल इतकी ढिलाई असता कामा नये. टक-टक असं लागलं तर जॉइंट गेला. शाफ्ट वर-खाली दाबूनही बघा. आतला जॉइंट मात्र आत-बाहेर सरकणार, तो त्याचा धर्मच आहे. त्याला दोष समजून नवखे शाफ्ट बदलायला सांगतात. तिथे बघायचं ते पिळताना लागणारा खडखडाट आणि गिअरबॉक्सच्या ऑइल सीलपाशी आलेली ओल. ती ओल पातळ आणि गिअर ऑइलच्या वासाची असेल तर सील गळतंय, घट्ट काळी असेल तर बूट.

बूट, जॉइंट की अख्खा शाफ्ट?

बूट फाटलाय पण आवाज नाही, ढिलाई नाही: जॉइंट धुऊन, तपासून, नवं ग्रीस आणि नवा बूट घाला. काही शे रुपयांत होणारं हे काम टाळलं की पुढे काही हजारांचा शाफ्ट येतो.

आवाज सुरू झाला असेल तर ग्रीस भरून उपयोग नाही. खोबणीत पडलेला खड्डा ग्रीसने भरून येत नाही. आठवडाभर आवाज दबतो, पुन्हा सुरू होतो. तेव्हा जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदलायचा. दोन्ही जॉइंटचं वय झालं असेल तर पूर्ण शाफ्ट घेणं मजुरीच्या हिशेबानेही बरं.

दोन्ही बाजूंचे बाहेरचे जॉइंट सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून आवाज घालवायची युक्ती काही ठिकाणी करतात. झीज खोबणीच्या एका अंगाला झालेली असते, बाजू बदलली की ताण न झिजलेल्या अंगावर येतो, म्हणून आवाज थांबतो. पण रिव्हर्समध्ये तो परत ऐकू येतो आणि जॉइंटचं आयुष्य संपत आलेलंच असतं. लांबच्या प्रवासाच्या गाडीला हा उपाय करू नका.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुने आणि रिकंडिशन केलेले शाफ्ट मिळतात. घेताना जुना शाफ्ट बरोबर न्या आणि शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवा: पूर्ण लांबी, दोन्ही टोकांच्या स्प्लाइनच्या (शाफ्टवरच्या लांबट दात्यांच्या) दात्यांची संख्या, ऑइल सील जिथे बसतो तिथली जाडी, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तिच्या रिंगचे दाते. रिंगचे दाते चुकले तर गाडी चालते पण डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. जॉइंट सगळ्या दिशांना वाकवून बघा. मधल्या टप्प्यात सैल आणि टोकाला घट्ट लागला तर नको. डावा-उजवा नीट सांगा, कारण गिअरबॉक्स मधोमध नसल्याने एक शाफ्ट लांब, एक आखूड असतो.

कटकटणारी गाडी काही दिवस हळू चालवता येते, पण त्या दिवसांची खात्री कोणी देऊ शकत नाही. जॉइंट पूर्ण सुटला की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमुळे) सगळी ताकद तुटलेल्या बाजूला वाया जाते: इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. अशा वेळी चढावर गाडी नुसती गिअरमध्ये टाकून गाडीबाहेर पडू नका. तुटलेल्या शाफ्टमुळे गिअर गाडी धरून ठेवत नाही. हँडब्रेक आणि चाकामागे दगड, दोन्ही हवेत.

शाफ्ट काढणं

लागणारं साहित्य: हब नटच्या मापाचा मजबूत सॉकेट आणि लांब हँडल, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना), छिन्नी, टॉमी (उचकटायची लोखंडी पहार), तांब्याची किंवा प्लास्टिकची हातोडी, सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याची) पक्कड, व्हाइस, ऑइल धरायचा ट्रे, पातळ कटिंग पक्कड. नवा हब नट आणि शाफ्टच्या टोकाचं नवं सर्क्लिप आधीच आणून ठेवा. शाफ्ट काढलाच आहे तर ऑइल सीलही बदलून टाका.

चाक जमिनीवर असतानाच हब नट ढिला करायचा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छिन्नीने पूर्ण उचला, नाहीतर आटे खराब होतात. काही गाड्यांत तिथे स्प्लिट पिन असते. गाडी गिअरमध्ये, एकाने ब्रेक दाबलेला, हँडलला पाइप लावून नट मोकळा करा. पूर्ण काढू नका. हब नट नसताना चाकावर वजन ठेवून गाडी ढकलली तर बेअरिंगचं वाटोळं होतं.

चाकाचे नट ढिले करून गाडी घोडीवर घ्या, चाक काढा. गिअरबॉक्सचं ऑइल काढून घ्या. छोट्या गाड्यांत ते साधारण दोन लिटरच्या आसपास असतं. आधी ऑइल भरायचं झाकण उघडतंय ना ते बघा, मग खालचं उघडा. वरचं जाम असेल आणि खालून ऑइल गेलं असेल तर गाडी तिथेच अडकते.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट बहुतेक मारुतींमध्ये नकलमध्ये (हब धरणाऱ्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागात) एका बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा, स्टॅबिलायझरची लिंक आड येत असेल तर तीही सोडा, आणि टॉमीने आर्म खाली दाबून बॉल जॉइंट बाहेर घ्या. शॉकॉबसरचे दोन बोल्ट न सोडता काम झालं तर उत्तम, कारण ते सोडले की चाकाचा कोन बदलू शकतो आणि अलाइनमेंट करून घ्यावी लागते. ब्रेकच्या पाइपवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊ देऊ नका.

आता हब नट शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवा आणि प्लास्टिकच्या हातोडीने ठोका, आटे वाचतात. गंजून जाम असेल तर हब पुलर लावा. लोखंडी हातोडीचे घाव घालून शाफ्टचं टोक फुलवलं की नवा नट चढत नाही आणि बेअरिंगही दुखावतं. स्प्लाइन सुटली की नकल बाहेरच्या बाजूला वळवून शाफ्ट बाहेर घ्या.

आतलं टोक सर्क्लिपने गिअरबॉक्समध्ये अडकलेलं असतं. टॉमी जॉइंटची वाटी आणि गिअरबॉक्सचं कवच यांच्या मध्ये घालून एक झटका द्या. ओढायचं ते वाटीला, शाफ्टला कधीही नाही. शाफ्ट ओढला की ट्रायपॉड वाटीतून निखळतो आणि बूट फाटतो. बाहेर काढताना स्प्लाइन सीलच्या ओठावर घासू देऊ नका. दोन्ही शाफ्ट काढायचे असले तरी एका वेळी एकच काढा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की आतले साइड गिअर जागचे हलतात आणि मग गिअरबॉक्स उघडावा लागतो.

बूट बदलणं

शाफ्ट व्हाइसमध्ये लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून धरा. इथे गाडीप्रमाणे फरक पडतो. काही गाड्यांत बाहेरचा जॉइंट आतल्या सर्क्लिपवरून ठोकून निघतो. मारुती-सुझुकीच्या अनेक मॉडेलांत बाहेरचा जॉइंट उघडायचा नसतो. तिथे आतला ट्रायपॉड काढून दोन्ही बूट त्याच बाजूने बाहेर घ्यायचे आणि नवे त्याच बाजूने चढवायचे. बाहेरचा ठोकून काढायच्या नादात तो बिघडवण्याआधी तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा.

जुन्या क्लिपा कापून टाका. ट्रायपॉड आणि शाफ्ट यांवर रंगाने खूण करा, म्हणजे तो त्याच जागी, त्याच तोंडाने परत बसेल. वाटी आणि ट्रायपॉडवरही खूण हवी. पंचने ठोकून खूण करू नका. सर्क्लिप काढून ट्रायपॉड बाहेर घ्या, रोलर पायांवरून सुटून सुया सांडू नयेत म्हणून भोवती टेप गुंडाळा.

जुनं ग्रीस बोटावर घेऊन चोळा. खरखरीत लागलं तर वाळू आहे, चमचमलं तर पोलादाची भुकटी. नंतर जॉइंट रॉकेल किंवा डिझेलने धुऊन हवेने पूर्ण सुकवा. थोडं जरी उरलं तरी नवं ग्रीस पातळ होतं. रबराला रॉकेल लावू नका. मग प्रत्येक खोबण उजेडात फिरवून बघा. एकसारखी चकाकी ठीक आहे. बाजरीच्या दाण्याएवढा खड्डा, उडालेला टवका, निळसर जळका डाग किंवा पिंजऱ्याच्या खिडकीत गोळी हलण्याइतकी जागा दिसली तर जॉइंट बाद. ट्रायपॉडच्या वाटीत खोबणीवरून नख फिरवा. नख अडकलं तर वाटी गेली, थरथर तिथूनच येत होती.

नवा बूट चढवण्याआधी स्प्लाइनवर टेप लावा, नाहीतर धारेने नवाच बूट चिरतो. लहान क्लिप आधी शाफ्टवर घालायला विसरू नका. ग्रीस बूटच्या किटमध्ये जे पाकीट येतं तेच आणि तेवढंच वापरा. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस लागतं. आतल्याला काही कंपन्या वेगळं देतात, तेव्हा दोन पाकिटांची अदलाबदल करायची नाही. निम्मं ग्रीस जॉइंटमध्ये दाबून, गोळ्यांच्या मागेपर्यंत, उरलेलं बूटमध्ये. डब्यातलं पिवळं चेसिस ग्रीस इथे चालत नाही. जास्त भरलं तर बूट फुगतो आणि क्लिपेखालून गळतो.

बूटची तोंडं शाफ्टवरच्या खाचेत नेमकी बसवा. मोठी क्लिप आवळण्याआधी आतला जॉइंट त्याच्या सरकण्याच्या मधोमध ठेवा आणि बोथट, पातळ स्क्रू ड्रायव्हर बूटच्या ओठाखाली सरकवून कोंडलेली हवा सोडा. हवा आत कोंडली तर बूट फुगतो, बाहेर शोषली गेली तर घड्या आत ओढल्या जाऊन शाफ्टला घासतात. बूटला पीळ नको. क्लिप तिच्या पक्कडीनेच आवळा. तार किंवा प्लास्टिकचा टाय काही दिवसांत सुटतो. उभा चिरलेला, चिकटवायचा बूट शाफ्ट न काढता बसतो हे खरं, पण तो वाटेत अडचण आली तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरताच.

परत बसवताना

आतल्या टोकाला नवं सर्क्लिप, सीलच्या ओठाला थोडं गिअर ऑइल. स्प्लाइन जुळवून वाटी आत ढकला, शेवटी एक ठाम धक्का. 'टक' असं सर्क्लिप बसल्याचं जाणवतं. वाटी धरून बाहेर ओढून खात्री करा. अर्धवट बसलेला शाफ्ट पहिल्याच वळणावर बाहेर येऊन सगळं ऑइल रस्त्यावर सांडतो.

हबची स्प्लाइन वायर ब्रशने साफ करून शाफ्ट हबमध्ये घाला. बॉल जॉइंटच्या दांड्याला एक खाच असते, आवळणारा बोल्ट त्या खाचेतूनच जायला हवा. बोल्ट सहज जात नसेल तर ठोकू नका, दांडा अजून वर ढकला.

नवा हब नट हाताने बसवा, चाक लावा, गाडी खाली घ्या, ब्रेक दाबून टॉर्क रेंचने आवळा. छोट्या गाड्यांत हा टॉर्क साधारण १७० ते २५० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. हा नट बेअरिंगही दाबून धरतो: कमी आवळला तर बेअरिंग ढिलं होऊन गुणगुणतं, न्यूमॅटिक गनने वाटेल तेवढा आवळला तर बेअरिंग तापतं. मग बोथट पंचने नटाची कड खाचेत ठोका. चाकाचे नट आलटूनपालटून, समोरासमोरचे.

गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत, गाडी सपाट असताना. आता मैदानात पुन्हा तेच गोल, पुढे आणि रिव्हर्स, मग ६० ते ८० मध्ये चढावर जोर. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सीलपाशी ओल, क्लिपेपाशी ग्रीस आणि चाकाचे नट पुन्हा एकदा बघा.

इको, बोलेरो आणि मागच्या चाकांच्या इतर गाड्या

इथे लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकांना क्रॉस: चार पायांचा जॉइंट, प्रत्येक पायावर सुई बेअरिंगची टोपी. क्रॉस कोरडा पडला की हळू चालताना शाफ्टच्या लयीत चूं-चूं येतं. झिजला की क्लच सोडताना खालून टण्ण. आणखी ढिला झाला की वेगात फरशी थरथरते. खाली बघितलं तर क्रॉसच्या टोपीभोवती लालसर गंजाची भुकटी दिसते. तुमच्या शाफ्टला मधे सेंटर बेअरिंग असेल तर त्याचं रबरही दाबून बघा.

काढण्याआधी फ्लँज (बोल्टने जोडायची चकती), शाफ्ट आणि योक (क्रॉस धरणारा दुबेळका तुकडा) यांवर रंगाची एकच सरळ रेघ ओढा. बसवताना ती जुळली नाही तर बॅलन्स बिघडून नवीन थरथर सुरू होते. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असणंही तितकंच गरजेचं. टोप्यांचे सर्क्लिप काढा, व्हाइसमध्ये एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट लावून टोपी दाबून बाहेर घ्या. नवा क्रॉस घालताना एखादी सुई आडवी पडली तर टोपी पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. जोर न लावता टोपी काढून सुई सरळ करा. बसवल्यावर क्रॉस दोन्ही अंगांना हाताने सहज फिरायला हवा.

निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या क्रॉसला ग्रीस गन मारताना चारही टोप्यांच्या सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट वर-खाली हलवून पुन्हा मारा. तरीही ती कोरडीच राहिली तर त्या टोपीपर्यंत ग्रीस पोचत नाही, आतल्या सुया कोरड्या चालल्या आहेत. बाकी तीन कितीही धड वाटल्या तरी तो क्रॉस बदला.